गाईची कास आणि तिचा पहारा

संध्याकाळी धार काढावयास बसावे, कासेला हात लावावा आणि हाताला चटका बसावा. एक सड सुजलेला, कासेचा तेवढा भाग दगडासारखा घट्ट. धार काढावी तर दुधाऐवजी पिवळसर पाणी आणि त्यात गाठी. आपल्याकडे याला दगडी म्हणतात, कोणी काससुजी म्हणतात. पशुवैद्य कासदाह किंवा मस्टायटिस म्हणतात. ज्याच्या दारात दुभते जनावर आहे, त्याला या दुखण्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

मी पशुवैद्य नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा एक मास्तर आहे. पण आमच्या थोरल्या बंधूंच्या गोठ्यात जे घडले, त्यामुळे मला या विषयाची पुस्तके उघडावी लागली. ती हकीकत आधी सांगतो.

दादांच्या दोन संकरित गाई होत्या, चंद्री आणि तांबू. एका रात्रीत चंद्रीला दगडी झाली. अंगात ताप, वैरण सोडली, उभे राहवेना. घरात धावपळ उडाली. डॉक्टरसाहेब रात्रीच आले, सुई टोचली, औषध दिले, आणि आठवड्याभरात चंद्री पुन्हा रवंथ करू लागली. तांबूचे मात्र काहीच दुखत नव्हते. ती खात होती, पीत होती. दूध रोज अर्धा लिटर कमी येई, एवढेच. दादा म्हणाले, "उन्हाळा आहे, हिरवा चारा नाही, चालायचंच." वहिनी एकदा म्हणाल्या, "अहो, तांबूचं दूध तापवताना मधूनच नासतंय." पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. चार महिन्यांनी तिच्या कासेचा एक भाग निबर होऊन आटला. मग दुसरा सड गेला. शेवटी खोट उघड सांगून तिला बाजारात निम्म्या किमतीला विकावे लागले. आम्ही सारे चंद्रीच्या उशाशी बसलो होतो, आणि गेली ती तांबू!

त्या दिवशी दादांनी मला विचारले, "अरे, चंद्री बोलली. मग तांबू का नाही बोलली?"

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर मात्र गाईच्या पेशीतील जनुकांपाशी जाऊन मिळते. तेव्हा आज तेथपर्यंतच जाऊ या. वाट अवघड नाही.

गाईचे शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीत एक दप्तर असते, तलाठ्याच्या दप्तरासारखे. ते डीएनए नावाच्या लांबच लांब धाग्यावर लिहिलेले असते. गाईच्या एका पेशीतील हा सारा धागा जोडून सरळ केला, तर तो सुमारे पावणेदोन मीटर भरेल. एवढा धागा डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत गुंडाळून बसवलेला असतो. या दप्तरातील एकेक नोंद म्हणजे एकेक जनुक. २००९ साली शास्त्रज्ञांनी गाईचे हे दप्तर वाचून प्रसिद्ध केले, तेव्हा त्यात सुमारे २२,००० जनुके आढळली.

आता गंमत अशी, की खुरातल्या पेशीतही तेच दप्तर आणि कासेतल्या पेशीतही तेच. मग दूध कासेतच का येते, खुरात का येत नाही? कारण कोणत्या पेशीने कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, हे ठरलेले असते. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे पान कासेत उघडते, खुरात मिटलेले राहते. शिवाय एकाच पेशीतही वेळ पाहून पाने उघडतात आणि मिटतात. या उघडझापीला जनुकांचे नियमन म्हणतात. दप्तरात काय लिहिले आहे याला जितके महत्त्व, तितकेच कोणते पान केव्हा उघडते यालाही आहे.

हे नियमन कसे चालते, याचा पहिला स्पष्ट उलगडा झाला तो एका जंतूमुळे आणि दुधातल्या साखरेमुळे. जंतूचे नाव ई. कोलाय. १८८५ साली थिओडोर एशेरिश यांनी त्याचे वर्णन केले. तो माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो, म्हणून शेणातही असतो. पॅरिसमध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी दाखवले, की दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, समोर नसेल तर ती पचवण्याची जनुके हा जंतू कुलूपबंद ठेवतो. साखर आली की कुलूप निघते. हा सिद्धांत त्यांनी १९६१ साली मांडला आणि १९६५ साली त्यांना आंद्रे ल्वोफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. श्रोतेहो, योगायोग पाहा. ज्या जंतूने आपल्याला ही विद्या शिकवली, तोच चंद्रीसारख्या गाईच्या कासेत शिरून तिला आडवी पाडतो!

तो शिरतो कोठून? सडाच्या तोंडातून. सडाच्या टोकाला एक बारीक नळी असते. एरवी ती आवळलेली असते आणि आतून मेणासारख्या चिकट थराने बंद असते. धार काढल्यावर मात्र ती पुरती मिटावयास अर्धा तास ते दोन तास लागतात. नेमक्या त्याच वेळी गाय ओल्या शेणात बसली, की जंतूला उघडे दार सापडते.

आत शिरल्यावर त्याची गाठ पडते ती दूध तयार करणाऱ्या पेशींशी. या पेशी दूध तर करतातच, पण पहाराही करतात. त्यांच्या अंगावर काही प्रथिने पहारेकऱ्यासारखी उभी असतात. त्यांतल्या एकाचे नाव टीएलआर-४. ई. कोलायच्या अंगावर चरबी आणि साखर यांचे एक कवच असते. त्याचे तुकडे या पहारेकऱ्याला नेमके ओळखता येतात. सस्तन प्राण्यांत हे काम टीएलआर-४ करते, हे ब्रूस बॉयटलर यांच्या चमूने १९९८ साली उंदरांवर सिद्ध केले. त्यासाठी त्यांना २०११ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

पहारेकऱ्याने जंतू ओळखला, की पेशीच्या आत निरोप जातो. तेथे एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन बसलेले असते. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९८६ साली शोधले. त्याला आपण पेशीतला कोतवाल म्हणू. एरवी हा कोतवाल बांधून ठेवलेला असतो. निरोप आला की त्याचे बंधन सुटते. तो दप्तराच्या खोलीत शिरतो आणि संरक्षणाची पाने भराभर उघडतो. एका पानावरून इंटरल्यूकिन-८ नावाचा निरोप्या निघतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना कासेत बोलावून आणतो. त्या जंतूंना गिळतात. दुसऱ्या पानांवरून ताप आणणारे आणि सूज आणणारे पदार्थ तयार होतात. आणखी काही पानांवरून चक्क जंतुनाशके तयार होतात.

हे शेवटचे ऐकून नवल वाटेल. पण १९९१ साली गाईच्या श्वासनलिकेत आणि १९९५ साली गाईच्या जिभेत अशी नैसर्गिक जंतुनाशके सापडली. काटेकुटे खाऊन गाईच्या जिभेला रोज ओरखडे पडतात, तरी ती जीभ क्वचितच चिघळते. जखमेच्या कडेच्या पेशी हे औषध तेथल्या तेथे जास्त प्रमाणात तयार करतात. तेच जनुक दगडी झालेल्या कासेतही जागे होते. गाईच्या दप्तरात औषधाचा कागद आहेच. तो वेळेवर उघडला पाहिजे, इतकेच.

तेव्हा चंद्रीचा ताप, सूज आणि हाताला बसलेला चटका ही तिच्या शरीराने पिटलेली दवंडी होती. शत्रू गावात शिरला आहे, धावा, असे ती सांगत होती.

आता कोणी विचारील, दगडी झाल्यावर दूध का आटते? सूज हे एक कारण झालेच. पण दप्तरातही एक गोष्ट घडते. जर्मनीतील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले, की ई. कोलायची तीव्र दगडी झालेल्या कासेत केसीनच्या एका महत्त्वाच्या जनुकाजवळ मेथिल नावाचे रासायनिक गट येऊन चिकटतात, धागा तेथे घट्ट आवळला जातो, आणि ते पान मिटते. दूध पडत असताना उघडी असलेली जागा पुन्हा कुलूपबंद होते. जणू कास म्हणते, आधी लढाई, दूध मागाहून.

लढाई थांबवणे हेही नियमनच. आपल्याला पुन्हा बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे पानही हा कोतवाल स्वतःच उघडतो. असे नसते तर सूज वाढतच गेली असती. ई. कोलायच्या भयंकर दुखण्यात असा तोल सुटतो आणि गाय दगावतेही. म्हणून ताप आलेल्या गाईला "आपोआप बरी होईल" म्हणून घरी ठेवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे.

आता तांबूकडे वळू. दुसऱ्या जंतूचे नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर हे जंतू द्राक्षांच्या घोसासारखे दिसतात, आणि त्यांची वाढ सोनेरी रंगाची असते. त्यावरूनच नाव पडले. हा रोगट कासेत राहतो आणि धार काढणाऱ्याच्या हातांनी, फडक्याने किंवा यंत्राने एका गाईकडून दुसरीकडे जातो.

२००८ साली जर्मनीतीलच संशोधकांनी या दोन जंतूंची तुलना प्रसिद्ध केली. काही गाईंच्या कासेत ई. कोलायचे केवळ ५०० जंतू सोडले, तर काहींच्या कासेत या सोनेरी जंतूचे १०,०००. पहिल्या गटात एका दिवसाच्या आत ताप आला, दूध उतरले, आणि कासेतली संरक्षणाची जनुके मोठ्या प्रमाणात जागी झाली. दुसऱ्या गटात जंतू वीसपट असूनही पहिल्या दिवशी जवळजवळ शांतता होती. तीन दिवसांनंतरही थोडीच पाने उघडली होती.

असे का व्हावे? पहिल्या जंतूचे कवच या दुसऱ्या जंतूला नसते. त्यामुळे टीएलआर-४ त्याला पाहत नाही. दुसरा एक पहारेकरी त्याला ओळखतो खरा, पण कासेच्या पेशींमध्ये त्या ओळखीने कोतवालाचे बंधन नीट सुटत नाही. दवंडी पिटलीच तर ती हळू आवाजात. तेवढ्या वेळात हा जंतू कासेच्या पेशींच्या आत जाऊन लपतो. तेथे पांढऱ्या पेशींचा हात पोहोचत नाही आणि औषधही अवघडच पोहोचते. मग महिनोन् महिने तो कास पोखरत राहतो, आणि दूध करणाऱ्या भागाच्या जागी निबर गाठी होतात.

दादांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. तांबूच्या दुधातले जंतू तपासून घ्यावे, एवढेही आम्हाला त्या वेळी सुचले नाही. पण तिच्या दुखण्याची चाल हीच होती. तांबू बोलली नाही, कारण तिच्या कासेतली दवंडीच नीट पिटली गेली नाही. श्रोतेहो, आज मला सांगावयाचे आहे ते हेच. जेथे गाईची जनुके दवंडी पिटत नाहीत, तेथे ती आपण पिटली पाहिजे.

ती कशी पिटावी? त्याचा एक स्वस्त मार्ग १९५७ सालापासून माहीत आहे. अमेरिकेत शाल्म आणि नूरलँडर यांनी तो शोधला आणि तो कॅलिफोर्निया चाचणी म्हणून ओळखला जातो. मुक्या दगडीतही काही पांढऱ्या पेशी दुधात उतरतातच. निरोगी कासेच्या एक मिलिलिटर दुधात अशा पेशी एक लाखाच्या आत असतात. दोन लाखांच्या वर गेल्या, की आत काहीतरी बिघडले आहे असे समजावे. चाचणीतले द्रावण एका प्रकारचा साबणच असते. तो या पेशी फोडतो आणि त्यांच्यातला डीएनएचा धागा बाहेर पडतो. पावणेदोन मीटरांचे असे लाखो धागे एकमेकांत गुंतले, की दूध शेंबडासारखे घट्ट होते. म्हणजे पाहा, ज्या जनुकांविषयी आपण इतका वेळ बोललो, त्यांचाच धागा आपल्या ताटलीत डोळ्यांना दिसतो!

तयार द्रावण पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळते. ते नसेल तर कपडे धुण्याची पावडर १५ ग्रॅम घेऊन अर्धा लिटर पाण्यात विरघळवावी. प्रत्येक सडाची पहिली एक-दोन धार वेगळी काढून टाकावी. मग चार वाट्यांत चार सडांचे थोडे थोडे दूध घ्यावे, प्रत्येकीत तेवढेच द्रावण घालावे आणि वाटी गोल हलवावी. दूध पातळ राहिले तर ठीक. घट्ट झाले, तार धरू लागले, तर त्या सडात मुकी दगडी आहे असा संशय घ्यावा आणि डॉक्टरांना दाखवावे. मात्र गाय नुकतीच व्याली असेल किंवा आटत आली असेल, तर निरोगी दुधातही पेशी जास्त असतात. त्या दिवसांत ही चाचणी फसवते. चाचणीचे दूध फेकून द्यावे आणि वाट्या स्वच्छ धुवाव्या. महिन्यातून एकदा हे केले तरी पुष्कळ झाले. म्हशींनाही ही चाचणी लागू पडते.

शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. गावच्या शाळेत हा प्रयोग जरूर करून दाखवा. मुले घरोघरचे दूध आणतील. पुस्तकातला डीएनए मुलांना वाटीत दिसेल, आणि एखाद्या घरची गाय वाचेल. कोणाच्या घरचे दूध वाईट निघाले हे मात्र वर्गात जाहीर न करता पालकांना खाजगीत सांगा.

आता गोठ्यातल्या चार गोष्टी. दूध काढण्याआधी हात आणि सड धुऊन कोरडे करावे. साऱ्या गाईंना एकच फडके वापरू नये. निरोगी गाईची धार आधी काढावी, दुखऱ्या गाईची सर्वांत शेवटी. धार झाल्यावर प्रत्येक सड आयोडिनच्या द्रावणात बुडवावा. नंतर गाईपुढे वैरण टाकावी, म्हणजे सडाचे तोंड मिटेपर्यंत ती उभी राहील. डॉक्टरांनी सांगितलेले औषध सूज उतरली म्हणून अर्ध्यावर सोडू नये. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध विकू नये, घरीही पिऊ नये.

शेवटी एक शंका उरते. सारे जनुकांतच आहे, तर उत्तम जनुकांची गाय घेतली की काम झाले, नाही का? काही अंशी हे खरे आहे. नॉर्वेत १९७८ सालापासून वळू निवडताना त्यांच्या मुलींना दगडी किती होते हेही पाहतात, आणि त्याचा उपयोग झाला आहे. पण या दुखण्यात आईबापांकडून येणारा वाटा थोडा असतो. गाईगाईंमधला बहुतेक फरक गोठा, हात, पाणी आणि निगा यांतून पडतो. दप्तर जन्माने मिळते. त्यावर किती आणि कोणत्या शत्रूशी लढण्याची वेळ आणायची, ते बरेचसे आपल्या हाती असते.

दादांनी नंतर दुसरी गाय घेतली. आता प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी गोठ्यात चार वाट्या मांडल्या जातात, आणि त्या वहिनी मांडतात. तांबूचे दूध नासते आहे, हे आमच्या घरात पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात आले होते. त्या वेळी त्यांचे ऐकले असते तर ती गाय कदाचित आज आमच्या दारात असती.

जनावर मुके असते, असे आपण म्हणतो. एरवी त्याचे शरीर तापाने, सुजेने बोलत असते. पण कधी कधी त्याचे शरीरही मुके होते. अशा वेळी आपण आपण होऊन त्याची विचारपूस करावी.